‘मायची’ नावाची नळी

नोकरीत असताना मी रोज संध्याकाळी कोट्यवधी जीव वाफेच्या भांड्यात उकळून मारत असे आणि घरी जाऊन निवांतपणे भाकरी थापत असे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. अकोल्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे, ओळखायचे आणि काम झालं की मारायचे, हाच माझा धंदा होता. आता पुण्यात मुलाच्या घरी बसून मी गाळलेलं, उकळलेलं आणि पुन्हा यंत्रातून काढलेलं पाणी पिते. त्याला ना चव ना वास. ते पिताना मला त्या जंतूंपैकी एकाची आठवण येते, आणि माहेरचं माणूस आठवावं तशी येते. सुनेला एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही चक्क पटकीच्या जंतूला मिस करता?"

करते. त्याचीच ही हकिगत.

हा धंदा बाहेरच्यांना सांगायची सोय नव्हती. एकदा मी तिवशाहून एस.टी.नं नमुन्यांची पेटी घेऊन येत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "पेटीत काय हाय वं?" मी नवी होते, खरं बोलायची सवय होती. म्हटलं, "हैज्याचे नमुने." आमच्याकडे पटकीला हैजा म्हणतात. पुढच्या थांब्यावर गाडी अर्धी रिकामी झाली. कंडक्टर दारापाशी उभा राहून लांबूनच म्हणाला, "ताई, तुमचं तिकीट राहू द्या, पन पेटी हलवू नका." त्या दिवसापासून कोणी विचारलं की मी लोणचं म्हणून सांगू लागले.

काम मात्र सांगितलं तर सोपं आहे. पटकीच्या रुग्णाच्या शौचाचा नमुना किंवा विहिरीचं पाणी आमच्याकडे येई. ते आम्ही सोडा घातलेल्या एका रसात टाकत असू. बाकीच्या जंतूंना तो सोडा सोसत नाही, पटकीच्या जंतूला मात्र तो मानवतो. थोड्या वेळानं तो वर येतो आणि पृष्ठभागावर पातळ सायीसारखा जमतो. त्या सायीचा टिपूस चायना ग्रासच्या थिजवलेल्या थाळीवर ओढला की दुसऱ्या दिवशी दवासारखे ठिपके उठतात. त्यातला कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला की स्वल्पविरामासारखे जंतू चिलटांच्या थव्यासारखे सैरावैरा धावताना दिसतात. हे धावणं एकदा पाहिलं की विसरत नाही. माणसाला काही तासांत वाळवून टाकणारी ती जात, पण दिसायला इतकी आनंदी!

हे मला ज्यांनी दाखवलं त्या आमच्या प्रमुख, डॉ. इंदुमती पिंपळखुटे. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणत असू. बाई अमरावतीच्या. वडील भिक्षुकी करायचे. बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि जठारपेठेत दोन खोल्या घेऊन एकट्या राहत होत्या. जंतूंना खायला मांसाचा रस लागतो. बाई चातुर्मासात कांदासुद्धा खात नसत, पण रसासाठी मटण निवडायला स्वतः खाटकाकडे जात आणि चरबी जास्त दिसली तर त्याच्याशी भांडत. पिंपळखुटे गुरुजींची लेक मटणाच्या दुकानात हुज्जत घालते ही बातमी अमरावतीपर्यंत पोचली होती. वडिलांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "मी नाही खात बाबा. माझ्याकडे पाहुणे आहेत."

बौद्ध वस्तीतून आलेली, मॅट्रिक झालेली मी पहिल्या दिवशी तिथे गेले तेव्हा बाईंनी माझं नाव, गाव काहीच विचारलं नाही. विचारलं, "हात स्थिर आहे का?" मी हात पुढे केला. भीतीनं तो थरथरत होता. बाई म्हणाल्या, "होईल." शाळेत पाण्याच्या माठाजवळ जायची मला बंदी होती, आणि इथे पाण्याचाच निवाडा माझ्या हाती दिला जात होता. त्या एका शब्दावर मी पुढची नोकरी काढली.

पटकी आहे की नाही एवढं कळवलं की सरकारचं भागत असे. बाईंचं भागत नसे. ही पटकी कोणाची कोण, हे त्यांना हवं असे. लग्नघरात म्हाताऱ्या जशा नव्या पोरीला धरून विचारतात, कोणाची तू, मामकूळ कोणतं, तसं त्या जंतूंबद्दल विचारत. जनुक हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. त्या सांगत, "कपाशीच्या दोन वाणांची सरकी हातात घे, सारखीच दिसते. बोंड फुटल्यावर वाण कळतो. जंतूचंही तसंच. वरून सगळे स्वल्पविराम." जंतू एकमेकांकडून गुण उसने घेतात, एखादा साळसूद जंतू शेजाऱ्याकडून औषध पचवायची विद्या शिकून येतो, असंही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते सांगताना त्यांचा चेहरा भिशीतली बातमी सांगणाऱ्या बाईसारखा व्हायचा.

कूळ ओळखायची सोय अकोल्याला नव्हती, कलकत्त्याला होती. जंतूंनाही खाणारे त्यांच्याहून सूक्ष्म जीव असतात. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत असे निरनिराळे जंतुभक्षक पाळलेले होते. आपला जंतू थाळीभर गालिच्यासारखा वाढवायचा आणि त्यावर एकेका भक्षकाचा थेंब ठेवायचा. ज्याला तो खाता येतो तिथे कसर लागलेल्या शालीसारखं भोक पडतं. कोणता जंतू कोणाच्या तोंडी पडतो आणि कोणाला पुरून उरतो, यावरून त्याचं कूळ ठरे. आजच्या पोरांना हे आडवळणाचं वाटेल. पण जंतूचं रक्त वाचायची आमच्याजवळची रीत तीच होती.

म्हणून बाई प्रत्येक साथीचा जंतू नळीत जपून ठेवत. लाकडी घोडीवर ओळीनं नळ्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना नव्या नळीत हलवावं लागे, नाहीतर त्या मरत. त्या दिवशी बाई ऑफिसातली शुद्ध भाषा विसरत आणि म्हणत, "शांते, पोरींले नवं लुगडं नेसव."

एक गंमत इथेच सांगते, कारण पुढे ती गंमत राहिली नाही. अकोल्याकडची बरीच गावं खारपाणपट्ट्यात आहेत, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. अशा एका गावात पटकी झाली आणि तिथून विहिरीच्या पाण्याची बाटली आली. पाणी अगदी निर्मळ. बाईंनी त्यातलं मीठ तपासायला सांगितलं, तर पाणी चक्क गोडं! आम्ही गावात गेलो. बाटली भरणारा कोतवाल हात जोडून म्हणाला, "मोठ्या साहेबाइनं पानी मांगतलं, तं त्याहीले खारं पानी देऊ काय? दुसऱ्या गावाहून गोडं आनलं बाप्पा." साहेब पाणी पिणार आहेत अशीच त्याची समजूत होती. जीपमध्ये मी पदर तोंडाला लावून हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या पाहुणचारापायी माणसं मरतात, शांता. यापुढे आपली बाटली आपण भरायची."

आता माझ्या गावाकडे येते.

आमचं गाव तिवशाच्या बाजूचं. माझी माय वर्धा नदीवरच्या कौंडण्यपूरची लेक. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, कार्तिकात तिथे मोठी जत्रा भरते. जत्रेहून परतणारे आमच्या गावचे लोक नदीचं पाणी गडूत भरून आणत आणि गावच्या विहिरीत ओतत, म्हणजे तीर्थ घरोघर पोचतं. त्या विहिरीवर आमच्या बायकांनी चढायचं नाही अशी रीत होती. कोणी वरून ओतेल तेव्हा घागर पुढे करायची. माझ्या लहानपणाचा मोठा हिस्सा मी मायच्या लुगड्याला धरून त्या विहिरीपासून लांब उभं राहण्यात घालवला आहे.

छप्पन्न साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. पुढच्याच उन्हाळ्यात माय आणि शेजारची यमुनाकाकी, दोघींनी घराघरांत जाऊन सांगितलं, "आता पानी मांगाचं नाही." सगळ्या वस्तीनं मिळून विहीर खोदली. पुरुष सुरुंगाची भोकं पाडत, बायका मुरूम वाहत. मायच्या डोक्यावरची चुंबळ त्या उन्हाळ्यात उतरलीच नाही. पाणी लागलं तेव्हा यमुनाकाकी चिखलात बसून रडली आणि मायनं तिच्या डोक्यावर पहिली ओंजळ ओतली. त्या पाण्याची चव मला अजून सांगता येते, पण सांगून उपयोग नाही. ज्यानं पाण्यासाठी वाट पाहिलेली नाही त्याला ती लागणार नाही.

पुढे काही वर्षांनी, मी अकोल्याला रुळले होते तेव्हा, कार्तिकी जत्रेनंतर आमच्या गावात पटकी उठली. वरच्या आळीतही माणसं गेली आणि आमच्या वस्तीतही. वस्तीतली यमुनाकाकी गेली. तालुक्याहून दोन्ही विहिरींच्या बाटल्या आमच्याकडे आल्या. वरची स्वच्छ निघाली. आमच्या विहिरीत पटकी निघाली. थाळीवरचे ते ठिपके मीच पहिल्यांदा पाहिले. मी बाईंना हाक मारली आणि म्हणाले, "ही माझ्या मायची विहीर आहे."

दोन दिवसांत निरोप आला. सरपंच आबासाहेबांनी सभा भरवली होती. वस्तीतली पोरं अकोल्याच्या सरकी काढायच्या जिनात कामाला जातात आणि अकोल्यातही तेव्हा पटकी होतीच. पोरांनी रोग तिथून आणला, तो त्यांच्या विहिरीत गेला, तिथून गावात आला, असा निवाडा झाला. विहिरीला लाकडी झाकण घालून कुलूप लावलं. तालुक्याच्या साहेबांनी ती बुजवायला तोंडी होकारही दिला होता.

बाईंनी जीप मागवली. "बाटली आपण भरायची," एवढंच म्हणाल्या.

गावात पोचल्यावर बाईंनी आधी कोतवालाला गाठलं. "वरच्या विहिरीची बाटली कुठून भरली?" तो मान खाली घालून म्हणाला, "आबासाहेबाच्या मळ्यातून जी. थे पानी चोखट हाय. सरकारात घान पानी कसं पाठवाचं?" इथेही तोच पाहुणचार! बाईंनी कपाळाला हात लावला आणि वरच्या विहिरीचं पाणी स्वतः दोर सोडून भरलं. आमच्या विहिरीचं कुलूप उघडवून मी भरलं.

मग मी घरी गेले. माय नाल्यात झिरा खोदून, वाटीवाटीनं पाणी भरून परतली होती. वरच्या विहिरीवर ती गेली नव्हती.

"माय, नाल्याचं पानी पिऊन राहिली?"

"मंग काय करू? पुन्हा घागर पुढं करू? मरीन पन म्या मांगनार नाही."

एवढ्यात मला फळीवर पितळेचा गडू पालथा घातलेला दिसला. तो गडू माय कौंडण्यपूरला मामाकडे जायची तेव्हाच निघायचा.

"मामाकडे गेली होतीस?"

"गेल्ती नं. जत्रेले नाही गेली, भावाकडं गेल्ती. भाऊबीज राहून गेली होती."

"अन् गडू?"

माय हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी. "भावानं नदीचं पानी भरून देल्लं. म्या आपल्या विहिरीत टाकलं. त्याहीच्या विहिरीले दरसाल माहेरचं पानी भेटते. आपल्या विहिरीनं काय पाप केलं? तिले बी माहेर पायजे का नाही?"

मी खाली बसले. माय तीर्थ आणत नव्हती. देव तिनं कधीच नदीत सोडले होते, त्याबद्दल तिला खंतही नव्हती. पण नदी तिची होती. त्याच घाटावर ती पोहायला शिकली होती. आणि जत्रेत त्या वर्षी पटकी होती, हे मला ठाऊक होतं, कारण कौंडण्यपूरच्या एका रुग्णाची नळी आमच्या घोडीवर आधीच उभी होती.

परतताना जीपमध्ये मी बाईंना सगळं सांगितलं. बाई मोझरी मागे पडल्यावर म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. आता हे तुझ्या-माझ्यात. जंतू काय बोलतो ते बघू."

या वेळी दोन्ही विहिरींत पटकी निघाली. मी नळ्या तयार केल्या आणि एकीवर ‘वरची’, दुसरीवर ‘खालची’ लिहिलं. बाईंनी दुसरी नळी हातात घेतली, चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि आपल्या हातानं लिहिलं, ‘मायची’.

यमुनाकाकीचा नमुना मृत्यूआधी आला होता. ती नळी, कौंडण्यपूरची, अकोल्याची आणि या दोन, अशा सगळ्या पोरी बाईंनी कापसात गुंडाळून कलकत्त्याला पाठवल्या. गावाला कळवलं की उत्तर येईपर्यंत कोणतीही विहीर बुजवायची नाही. दोन्हींत ब्लीचिंग पावडर पडली, साथ थांबली, पण आमच्या विहिरीचं कुलूप तसंच राहिलं. अकोल्यात नळाचं पाणी पिताना माय नाल्यावर बसून वाटीनं घागर भरते आहे, हेच डोळ्यांपुढे यायचं.

उत्तर आलं तेव्हा बाईंनी ते मला वाचूनसुद्धा दाखवलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "चल."

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळा गाव जमला होता. आमची वस्ती समोर रस्त्यावर उभी होती. बाईंनी आधी शुद्ध भाषेत सुरुवात केली, जंतुभक्षक, प्रकार, वगैरे. लोक कंटाळलेले पाहून त्या थांबल्या आणि पदर खोचून म्हणाल्या,

"हे पाहा, अकोल्याचा हैजा अलग कुळाचा हाय. तुमच्या गावातला अलग. पोट्ट्याइनं आनला नाही. वरच्या विहिरीतला, खालच्या विहिरीतला अन् कौंडण्यपूरच्या जत्रेतला, तिघंबी एका कुळाचे. रोग नदीवरून आला, दोन्हीकडं आला. विहीर बुजवाची असन तं दोन्ही बुजवा. पहिली कुदळ म्या मारते."

आबासाहेब दमदार माणूस. ते रागावले नाहीत, विचारात पडले. "आमच्या विहिरीत कसा येईन?"

"तीर्थ टाकता नं?"

"वाडवडिलांपासून टाकून राहिलो."

"यंदा नदीच बिमार होती."

ओट्यावर कुजबुज झाली. आणि मग आबासाहेबांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "तुमचं खरं धरलं बाई. पन हे लोक तं आता जत्रेले जात नाहीत. मंग याहीच्या विहिरीत कोनं टाकलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मान वर केली नाही. त्यांना सांगता आलं असतं की हे जंतूला विचारता येत नाही, आणि त्या तसं सांगणारच होत्या. पण रस्त्यावरून आवाज आला.

"म्या टाकलं."

माय गर्दीतून पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "काहून पाहून राहिले असे? तुमी देवाचं टाकता, म्या माहेरचं टाकलं. माहेर तुमच्या देवीचं जे, माहं बी थेच. पोट्ट्याइच्या नावावर घालू नका. त्याहीनं काही नाही केलं."

आबासाहेबांनी खिशातून किल्ली काढून कोतवालाकडे टाकली. कोणी कोणाची माफी मागितली नाही, तशी आमच्याकडे पद्धतही नाही. पण संध्याकाळच्या आत आमच्या विहिरीवर रहाट कुरकुरला, आणि पुढच्या कार्तिकात वरच्या विहिरीतही कोणी गडू ओतला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती अभिमानानं सांगत फिरले असते.

त्यानंतर माय अकोल्याला आली. तिला मी कुठे काम करते ते पाहायचं होतं, असं ती म्हणाली. बाईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि तिनं न विचारताच ‘मायची’ नळीतला टिपूस काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मायला एक डोळा मिटून पाहणं जमेना. मी तळहातानं तिचा डावा डोळा झाकला. ती कितीतरी वेळ वाकून पाहत राहिली.

"हे तं खेळून राहिले वं," ती म्हणाली. "पोरी माहेरी आल्यावानी धावून राहिल्या."

मग तिनं डोकं वर केलं. डोळे भरलेले होते, पण आवाज साधाच होता. "बाई, एक विचारते. यमुना माह्या पान्यानं गेली का?"

याचसाठी ती आली होती.

बाई कधी खोटं बोलत नसत. मला वाटलं, आज तरी बोलाव्यात. बाई म्हणाल्या, "यमुना तुमच्या विहिरीचं पाणी पीत होती, आणि आबासाहेबांच्या खळ्यावर कामाला जायची तिथे वरच्या विहिरीचंही पीत होती. तिच्या पोटातला जंतू त्याच कुळाचा होता. पण दोन्ही विहिरींतला एकाच कुळाचा, म्हणून तर तुमची विहीर वाचली. त्यातला कोणता, हे कलकत्त्यालाही सांगता येत नाही. कोणालाच येत नाही."

"कधीच नाही येनार?"

"आज तरी नाही."

मायनं चहा संपवला. जाताना नळीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "यायले काय खायले देता?" मी सांगितलं, मटणाचा रस. "चांगलं हाय," ती म्हणाली. "उपाशी ठेवू नका."

त्यानंतर तिनं गडू बाहेर काढला नाही. मामा बोलवायला आला तरी जाईना. मी एकदा म्हटलं, "माय, नदीत रोग नेहमीसाठी थोडाच बसला आहे?" तर म्हणाली, "पानी न घेता माहेराहून कसं याचं? त्यापक्षा नाही गेलेलं बरं." विज्ञानानं तिची विहीर वाचवली आणि नदी नेली. तिला मी काय देऊ शकले याचा हिशोब मी पुष्कळदा मांडला, तो काही जुळत नाही.

त्यानंतरची वर्षं लवकर सरली. पटकीचाच एक नवा वाण समुद्राकडून आला. तो चिवट होता, त्यानं जुन्या वाणाला हळूहळू हुसकून लावलं, आणि आमच्या थाळ्यांवर जुना दिसेनासा झाला. बाईंची बदली झाली. मी बाळंतपणाच्या रजेवर असताना नव्या साहेबांना फडताळ रिकामं हवं होतं. परतले तेव्हा घोडी धुऊन उन्हात ठेवलेली होती. सगळ्या पोरी वाफेच्या भांड्यातून गेल्या होत्या. नियमाप्रमाणेच झालं, तक्रार करायला जागा नव्हती. मी बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "कलकत्त्याला आहेत." पुढे बाई गेल्या. माय गेली. गावात नळ आला, वस्तीतली विहीर ओस पडली, तिच्यात लोकांनी केरकचरा टाकला, आणि मागच्या खेपेस गेले तेव्हा तिच्यावरून सिमेंटचा रस्ता गेलेला होता. जी विहीर कुदळीपासून वाचवली, ती अशी कोणाच्याही लक्षात न येता बुजली. मी त्या रस्त्यावर चपला काढून थोडा वेळ उभी राहिले. एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवून गेला.

माझ्या धाकट्या बहिणीची नात, प्रज्ञा, जंतूंची जनुकं वाचण्याच्या कामात आहे. दिवाळीला आली की आम्ही दोघी घरच्यांना वीट येईपर्यंत याच गप्पा मारतो. तिच्याकडे थाळ्या नाहीत, भक्षक नाहीत, यंत्र जंतूच्या अनुवंशाचं एकेक अक्षर छापून देतं. यंदा तिनं सांगितलं की जुन्या प्रयोगशाळांनी वाळवून काचेत बंद केलेले त्या काळचे जंतू आता कुठे कुठे उघडून वाचताहेत, आणि ओलावा दिला तर काही अजून जिवंतही निघतात. मी ‘मायची’ची गोष्ट सांगितली. पोरगी उठून बसली.

"आजी, कलकत्त्याला विचारू? दोन्ही विहिरींच्या आणि यमुनाबाईंची, अशा तिन्ही नळ्या मिळाल्या तर एका कुळातल्यासुद्धा वेगळ्या करता येतात. एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असतो. यमुनाबाईंना कोणत्या विहिरीतून झाला, ते कदाचित आता सांगता येईल."

मायनं विचारलं होतं, कधीच नाही येनार? ते ‘कधी’ आता आलं होतं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली माळी पाइपनं झाडांना पाणी घालत होता. मला कौंडण्यपूरचा घाट दिसत होता, आणि त्यावर पोहायला शिकणारी एक मुलगी, जी मी कधी पाहिली नाही.

"विचार," मी म्हणाले. "नळी मिळाली तर तिला चांगलं खायला दे. पण अक्षरं वाचू नको. जिवंत आहे का, एवढंच पाहा आणि मला सांग."